सर्वांना, अपवाद नाही

हिरव्या पुस्तिकेत एकाच प्रश्नाला दोन उत्तरं होती, आणि दोन्ही सर्वानुमते मंजूर झालेली होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ज्यांना लहानपणी सांधेताप आला आणि त्यानं हृदयाच्या झडपा धरल्या, अशा सर्वांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं, अपवाद नाही. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ज्यांच्या झडपा पार निकामी झाल्या आहेत त्यांना इंजेक्शन देऊ नये, रोज गोळ्या द्याव्यात. मधल्या पानांबद्दल कुणाचं भांडण नव्हतं.

मधली पानं फुआतिनोची. ती हृदयाची डॉक्टर, परदेशात शिकून आलेली, आणि बेटांच्या राजधानीतल्या, अपियातल्या हृदयसेवा मंडळानं तिला बोलावलं होतं ते याच कामासाठी. मंडळाचे जितके दवाखाने तितक्या रीती. एका दवाखान्यात पोराचं लग्न झालं की इंजेक्शन बंद, कारण संसारी माणूस चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत कसा बसणार. दुसऱ्यात बाई गरोदर राहिली की बंद. तिसऱ्या ठिकाणची म्हातारी नर्स हडकुळ्या मुलांना अर्धंच औषध टोचायची, दया येते म्हणून, आणि त्या दयेपायी मुलं पुन्हा तापानं आडवी व्हायची. फुआतिनो बोटीनं गेली, बसनं गेली, चिखल तुडवत गेली, प्रत्येक दवाखान्यात मांडी ठोकून बसली आणि सगळ्यांना एका दोरीत ओवून परत आली. दोन नर्सांना एकच प्रश्न विचारला तर एकच उत्तर यावं, एवढा तिचा हट्ट होता.

हट्ट पुस्तकी नव्हता. तिचा धाकटा भाऊ फेरेती याच रोगाचा. लहानपणी त्याचे गुडघे सुजले तेव्हा वडिलांनी शाळा चुकवायची नाटकं म्हणून त्याला दोन फटके दिले होते. डॉक्टर तुइमानू त्या दिवशी गावात आले नसते तर तो त्याच आठवड्यात गेला असता. तुइमानूंनी पोराच्या छातीला कान लावला, वडिलांना सगळ्या गावासमोर झापलं आणि पहिलं इंजेक्शन स्वतःच्या हातानं दिलं. पण मध्ये एक वर्ष वडिलांनी कंटाळून दवाखाना सोडला, आणि त्या एका वर्षात रोगानं झडपांचं वाटोळं केलं. आता शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. फेरेती गावातून अपियाला जाणारी लाकडी बस चालवायचा. बसच्या पाठीवर त्यानं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं, 'घाई असेल तर चालत जा.' स्वतःला मात्र पायरी चढून चाकामागे बसायला तीनदा दम खावा लागायचा.

फुआतिनोनं त्याचं इंजेक्शन केव्हाच बंद करून गोळ्या सुरू केल्या होत्या. गोळ्यांची पत्र्याची डबी तो शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ कोकोच्या घोटाबरोबर इमानदारीत घ्यायचा.

"ताई, तुझ्या पुस्तिकेत माझं पान कुठलं?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"शेवटचं."

"बरंय. बसमध्येसुद्धा शेवटच्या बाकावर वारा चांगला लागतो."

हे शेवटचं पान मिळवताना फुआतिनोच्या नाकी नऊ आले होते. मंडळाची बैठक भरायची ती चारी बाजूंनी उघड्या, खांबांवर उभ्या मोठ्या घरात. ज्याचा जसा मान, तसा त्याला खांब. गावप्रमुखाचा किताब असलेल्यांनी खांबाला पाठ टेकायची, बाकीच्यांनी मधल्या जागेत ताठ बसायचं. फुआतिनोला किताब नव्हता, त्यामुळे मंडळातली सगळ्यात शिकलेली बाई दोन-दोन तास पाठ न टेकता बसायची. आधी प्रार्थना, मग आवा या मुळ्या कुटून केलेल्या पेयाचा कडवट वाडगा मानाच्या क्रमानं फिरायचा, आणि त्याच क्रमानं माणसं बोलायची. हात वर करून मतं मोजणं तिथं असभ्यपणाचं. सगळे 'हो' म्हणेपर्यंत बोलत राहायचं, आणि कुणी 'नाही' म्हणायचं नाही.

तिथं तिनं सांगितलं होतं, की पेनिसिलिनचं ते औषध घट्ट असतं, कुल्ल्यात जाताना कळ थेट मस्तकात जाते. त्या कळीनं रक्तदाब एकदम कोसळतो. बऱ्या हृदयाचा माणूस घाम पुसून उठून बसतो, जर्जर हृदयाचा माणूस उठत नाही. असे मृत्यू आपण आजवर औषधाची ॲलर्जी म्हणून लिहून मोकळे झालो. तेव्हा पहिल्या पानावरचे 'अपवाद नाही' हे शब्द काढावेत.

ते शब्द डॉक्टर तुइमानूंचे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळ्यात मानाच्या खांबाला पाठ लावून बसलेला. बेटांवर हे इंजेक्शन नेलं ते त्यांनीच, घोड्यावर बसून, बर्फाच्या पेटीत बाटल्या घालून. आज बस चालवणारे, मासे धरणारे, चर्चमध्ये गाणारे कितीतरी जण त्यांच्या त्या सुईमुळे जिवंत होते, आणि हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"पोरी, तू म्हणतेस ते खोटं नाही," ते म्हणाले होते. "पण तू वाचणाऱ्यासाठी लिहितेस, मी ऐकणाऱ्यासाठी लिहितो. 'काहींना इंजेक्शन मारतं' एवढं एक वाक्य गावात शिरलं, की दुसऱ्या दिवशी एक आई पोराला घेऊन दारात यायची नाही. तुझे दहा वाचतील, माझी शंभर जातील."

"शंभर ही तुमची भीती आहे. दहा मी पाहिलेत," फुआतिनो म्हणाली.

बैठकीत गार वारा शिरावा तसं झालं. किताब नसलेल्या बाईनं तुइमानूंना भरल्या बैठकीत तोंडावर उलट उत्तर दिलं होतं. मंडळाचे अध्यक्ष पाद्री होते. त्यांनी घसा साफ केला आणि बराच वेळ प्रेमाबद्दल बोलले. दोन्ही वाक्यं प्रेमातून आली आहेत, म्हणाले, आणि प्रेमातून आलेलं वाक्य खोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तेव्हा डॉक्टरसाहेबांचं वाक्य पहिल्या पानावर राहील, आणि आमच्या लेकीचं वाक्य शेवटच्या पानावर, जिथं पुस्तक मिटताना ते मनात राहतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात मंडळाचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग जेवणाची पानं आली, नारळाच्या दाट दुधात शिजवलेली अळूची पानं आली, आणि विषय संपला.

फुआतिनोनं हार मानली नाही. ऑकलंडहून एक तज्ज्ञ आला होता, अशा पुस्तिकांचा दर्जा तपासणं हाच त्याचा धंदा. तिनं त्याला दोन्ही पानं शेजारी धरून दाखवली. तो फार सौम्य माणूस होता. त्यानं सांगितलं, की पुस्तिका कशी तयार झाली एवढंच तो पाहतो. सर्वांचं मत घेतलं का? घेतलं. आधार दिलेत का? दिलेत. भाषा सोपी आहे का? आहे. आत काय लिहायचं हा स्थानिक मंडळाचा अधिकार, त्यात बाहेरच्यानं नाक खुपसणं बरं दिसत नाही. त्यानं चांगले गुण दिले, आणि अळूची पानं दोनदा मागून घेतली.

तेव्हापासून फुआतिनोनं एकच ध्यास घेतला होता, पुढच्या आवृत्तीत ते दोन शब्द काढायचे.

त्याआधी इंजेक्शनचा दिवस आला. फालेतोआ हे तिचंच गाव. आजूबाजूच्या वस्त्यांमधली मुलं फेरेतीनं बसमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसवून आणली होती. डॉक्टर तुइमानू खास आले होते, पाद्री आले होते, चर्चचा बाजा होता. फुआतिनो त्या दिवशी अपियात होती. तिला पुढचं सगळं कळलं ते नर्स मकेरिताकडून, आणि मकेरितानं ते तिच्या पायाशी बसून सांगितलं.

रांगेतली पहिलीच मुलगी सुई पाहून किंचाळली. तिचं पाहून दुसरी, मग सगळीच. आया पोरांना कवटाळून मागं सरकायला लागल्या. तुइमानूंची नजर बसला टेकून उभ्या असलेल्या फेरेतीवर गेली.

"फेरेती, ये रे इकडे," त्यांनी हाक मारली. "हे या गावातलं माझं पहिलं पोर. दाखव बरं यांना, इंजेक्शन घेऊन माणूस केवढा होतो ते."

आता इथं फेरेतीनं काय करायचं होतं? खिशातली डबी काढून म्हणायचं, की ताईनं मला नको सांगितलंय? ज्या माणसानं आपल्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं त्याला, साऱ्या गावासमोर, चर्चच्या बाजासमोर? त्या गावात असं कुणी केलं नव्हतं, आणि फेरेती तर मुळीच करणारा नव्हता. तो हसत गेला. बाकावर पालथा पडता पडता मुलांना म्हणाला, "मी ओरडलो तर आजपासून बस फुकट."

"मी पुस्तिका उघडली होती, फुआताई," मकेरिता म्हणाली. "देवाशपथ उघडली होती. तुमचं पान मला पाठ आहे. पण डॉक्टरसाहेब शेजारी उभे. म्हणाले, मोठ्यानं वाच, लोकांना ऐकू दे. मी पहिलं पान वाचलं. शेवटचं काढायचं तर त्यांच्या तोंडासमोर काढावं लागलं असतं."

फेरेती ओरडला नाही. उठून बसला, मुलांकडे पाहून भुवया उडवल्या, आणि मग त्याच्या ओठांचा रंग गेला. बाकावरून तो सावकाश खाली घसरला. छाती दाबायला तुइमानू स्वतः गुडघ्यावर बसले आणि मनगटं निकामी होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खिशात डबी तशीच होती. सकाळची गोळी त्यानं घेतली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी ते आले. डॉक्टर तुइमानू, त्यांचे मुलगे, सुना, दवाखान्याची सगळी माणसं. फुआतिनोच्या घरासमोरच्या गवतावर सगळे गुडघे टेकून, माना खाली घालून बसले, आणि सगळ्यात पुढं बसलेल्या तुइमानूंच्या डोक्यावरून त्यांच्या घराण्यातली सगळ्यात जुनी बारीक विणीची चटई पांघरलेली होती. पिढ्यान् पिढ्या जपलेली ती चटई लग्नाकार्यालाच बाहेर निघते, किंवा अशा वेळी. ज्याच्या हातून माणूस गेला त्यानं असं येऊन बसायचं. घरातले कुऱ्हाड घेऊन बाहेर आले तरी त्यानं हलायचं नाही. पण घरातल्या कुणी येऊन चटई उचलली, की झालं गेलं मिटलं. त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चार दोन्ही घरांनी कधीही करायचा नाही.

ऊन चढलं. चटईखालच्या म्हाताऱ्याचे पाय मुंग्यांनी भरले. घरात फेरेती बिछान्यावर, त्याच्या अंगावर फुलं, आणि आई त्याच्या केसांना खोबरेल लावत बसलेली. फुआतिनोचे काका घराण्याचे प्रमुख होते, पण तेही खांबाला टेकूनच बसले होते.

"जा, उचल," शेवटी काका म्हणाले. "भाऊ तुझा. बहिणीच्या आधी मी हात लावणार नाही."

फुआतिनो बाहेर गेली. तिच्या मनात त्या म्हाताऱ्याबद्दल इतका द्वेष होता की तिची तिलाच भीती वाटली. आणि त्याच म्हाताऱ्यानं फेरेतीला कडेवर घेऊन गावभर मिरवलं होतं, तेही तिला आठवत होतं. ती चटईसमोर बसली आणि वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"ते दोन शब्द काढा."

 चटईखालून आवाज आला, "माझा जीव माग, पोरी. तो देणं सोपं आहे."

"तुमचा जीव घेऊन मी काय करू? तो ठेवायला माझ्याकडे जागा नाही. शब्द काढा."

"पोरं मरतील."

"पोरगं घरात मरून पडलंय. आई त्याला तेल लावतेय. आत येऊन बघता?"

चटई हलली. खाली म्हातारा रडत होता. सगळं गाव बघत होतं आणि बहीण चटई का उचलत नाही म्हणून कुजबुज सुरू झाली होती. आईनं दारातून एकदा पाहिलं आणि मान आत घेतली.

"काढीन," तुइमानू म्हणाले. "बैठकीत मी स्वतः उभा राहून काढीन."

तेव्हा फुआतिनोनं चटई उचलली. रडणाऱ्या म्हाताऱ्याला तिनं उठवलं, त्याच्या गळ्यात पडून तीही रडली, आणि गावानं सुटकेचा श्वास सोडला. सौदा झाला होता हे त्या घडीला फक्त त्या दोघांना ठाऊक होतं.

मयताला माणूस लोटला. मयताच्या मानाच्या भेटी म्हणून डुकरं आली, चटया आल्या, डबाबंद माशांची खोकी आली. भाषणात प्रत्येकानं सांगितलं, की फेरेती मुलांना वाट दाखवायला पुढं गेला आणि जाता जाता देवाघरी गेला. कशानं गेला हे कुणी म्हणालं नाही, म्हणायची सोयही नव्हती. आणि नवल म्हणजे त्या आठवड्यात फालेतोआच्या दवाखान्यातून एकही मूल इंजेक्शन न घेता परत गेलं नाही. फेरेतीदादानं घेतलं, आम्हीही घेणार, असं म्हणत पोरं आपणहून बाकावर पडत होती. फुआतिनोला ते पाहून आनंद झाला आणि त्या आनंदाचा रागही आला.

महिन्याभरानं मंडळाची बैठक भरली. पुस्तिकेची नवी आवृत्ती हाच विषय होता. त्या दिवशी खांबाला एक नवा पाहुणा टेकलेला होता, फुआतिनोचे काका. पाद्रींनी त्यांना मानानं बोलावून घेतलं होतं, दुःखातल्या घराचा आवाज मंडळात हवा म्हणून.

वाडगा फिरला, आणि डॉक्टर तुइमानू उठून उभे राहिले. त्या घरात कुणी उभं राहून बोलत नसे.  "पहिल्या पानावरचे माझे दोन शब्द काढून टाका," ते म्हणाले. "ते चुकीचे आहेत. मी चुकलो."

फुआतिनोनं डोळे मिटले. झालं, असं तिला वाटलं. पण मंडळ काय चीज आहे हे दोन वर्षं त्या खांबांमध्ये बसूनही तिला पुरतं कळलेलं नव्हतं.

पाद्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. बघा, म्हणाले, केवढं हे मन! एवढ्या मोठ्या माणसानं एवढं लहान व्हावं! बाकीच्यांनीही डोळे पुसले. आणि मग प्रत्येकानं आपापल्या क्रमानं सांगितलं, की एवढ्या नम्र माणसाचं वाक्य खोडण्याचं पाप आपल्या हातून होऊ नये. तुइमानू पुन्हा म्हणाले, काढा. त्यांच्या नम्रतेची आणखी वाहवा झाली. ते तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा शेजारच्यानं त्यांचा हात धरून त्यांना हळूच खाली बसवलं. म्हातारा जितका स्वतःला दोषी म्हणे तितके त्याचे शब्द पहिल्या पानावर घट्ट बसत चालले होते.

शेवटी काकांना विचारलं. काकांनी आपली काठी समोर आडवी ठेवली.

"चटई उचलली गेली आहे," ते म्हणाले. "आता ते शब्द खोडले, तर लोक काय म्हणतील? या घरानं आधी माफ केलं आणि मग मागल्या दारानं दोष लावला. माझ्या घराण्यानं दिलेला शब्द आजवर फिरवलेला नाही. ते शब्द तसेच राहू देत."

चटई उचलून तिनं ते दोन शब्द विकत घेतले होते, आणि त्याच चटईखाली ते आता सुखरूप झाकले गेले होते. तिची पाळी नव्हती. तरी ती बोलली.

"माझा भाऊ त्या शब्दांनी मेला."

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. काकांची मान खाली गेली, जशी लाजेनं जाते. मिटलेली गोष्ट तिनं चारचौघांत उकरून काढली होती, आणि संध्याकाळपर्यंत ते आईच्या कानावर जाणार होतं. पाद्रींनी खालच्या पट्टीत एक भजन सुरू केलं. एकेक करून सगळे त्यात मिसळले, आणि तिचं वाक्य त्या भजनाखाली गेलं. भजन संपेपर्यंत निर्णय झालेला होता. दोन्ही पानं राहणार.

शिवाय एक भर पडली. नवी आवृत्ती फेरेतीच्या स्मृतीला अर्पण करावी असं ठरलं, तेही सर्वानुमते. बसला टेकून हसणाऱ्या फेरेतीचा फोटो पहिल्या पानावर छापला गेला. खाली ओळ, 'जो सर्वांत पुढे गेला.' आणि त्याच्या खाली, मोठ्या टाइपात, 'सर्वांना, अपवाद नाही.'

ऑकलंडच्या तज्ज्ञानं ही आवृत्ती तपासली तेव्हा गुण आणखी वाढले. रोग्याच्या कुटुंबाला निर्णयात सहभागी करून घेतलं, याचं त्यानं विशेष कौतुक केलं.

तुइमानूंनी बैठकीत काय मागितलं ते ऐकून फुआतिनोच्या आईनं सौदा ताडला, आणि त्यानंतर ती बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तू चटई उचललीस तेव्हा मला वाटलं, माझी पोरगी मोठी झाली. तू तर व्यवहार करत होतीस."  खरंच तर होतं ते. व्यवहार केला होता आणि त्यात ती नागवली गेली होती.

मग नव्या पुस्तिकेवर नर्सांचं शिक्षण ठेवलं. शिकवणार फुआतिनोच, दुसरं कोण? दोन्ही बेटांवरच्या नर्सा आल्या होत्या. मानाचे पाहुणे म्हणून डॉक्टर तुइमानूंना पुढच्या खांबाजवळ बसवलं होतं. गेल्या काही महिन्यांत ते फार वाळले होते. कुठल्याच गावात जात नव्हते, कुणी पुढं बसवलं की बसायचे आणि उठवलं की उठायचे.

फुआतिनोनं मधली पानं शिकवली. नर्सा हुशार होत्या, भराभर उत्तरं देत होत्या. मग मकेरितानं हात वर केला. तिच्या हातात पुस्तिका होती, एक बोट पहिल्या पानात, एक शेवटच्या.

"फुआताई, झडपा गेलेला रोगी आला, तर यातलं कुठलं पान?"

 फुआतिनोनं तुइमानूंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"शेवटचं," फुआतिनो म्हणाली. "नेहमी शेवटचं. पहिल्या पानाकडे बघूसुद्धा नका."

मकेरितानं मान डोलावली, पण बोटं काढली नाहीत. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. बाईला खरोखरच विचारायचं होतं, कारण पुढचा इंजेक्शनचा दिवस जवळ आला होता आणि पाद्री पुन्हा बाजा घेऊन येणार होते.

"ते पाठ आहे, ताई. तेव्हाही पाठ होतं," ती म्हणाली. "मग मी असं लिहून ठेवू का? मोठं माणूस समोर नसलं तर शेवटचं पान. समोर असलं तर पहिलं."

फुआतिनोनं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं तिला. पण बाकावर पालथा पडताना हसणारा फेरेती तिच्या डोळ्यांसमोर आला, भजनाखाली गेलेलं स्वतःचं वाक्य आठवलं, आणि मकेरितापुढं कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं ते तिला सुचेना. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना लहानपणापासून कळत होता. नर्सांनी माना खाली घातल्या आणि पहिल्या पानावर, फेरेतीच्या फोटोशेजारच्या कोऱ्या जागेत, मकेरिताचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

दोन नर्सांना एकच प्रश्न विचारला तर एकच उत्तर यावं, हा फुआतिनोचा हट्ट त्या दिवशी पुरा झाला.